आमच्या पुराचं माप

मित्रांनो, आधी कबुली देतो, मग शिव्या.

२०१९ च्या पुरानंतर चार महिन्यांनी मी शिरोळ तालुक्यातल्या सहा गावांत सर्वेक्षक म्हणून फिरलो. दिवसाला चारशे रुपये, दुपारची भाकरी घरनं बांधून न्यायची. मला नेमणाऱ्या संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण तिच्यापुरतं होतं आणि बाकीच्या सगळ्या सुटतात. काम असं होतं की पूरग्रस्तांना जी रोख मदत मिळाली तिचा परिणाम मोजायचा. हातात मोबाइल, मोबाइलात सत्तेचाळीस प्रश्न, एका घराला पंचवीस मिनिटं. मी दीडशेच्या वर घरं मोजली. त्या मोजण्यातनं जे एक गुळगुळीत, रंगीत खोटं तयार झालं त्यावर माझ्या बोटांचे ठसे आहेत.

बावीस नंबरचा प्रश्न होता : मिळालेल्या रकमेचा विनियोग कशासाठी केला? खाली रकाने. अन्न, औषधोपचार, घरदुरुस्ती, शिक्षण, कर्जफेड, इतर (नमूद करा). एका म्हातारीच्या दारात बसलो होतो. भिंतीला पुराच्या पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर. मी विचारलं, आज्जी, दहा हजार आले ते कशावर खर्च झाले?

ती म्हणाली, ‘खर्च कुठला रं बाबा. पैसं आलं त्या दिशी सांजचं दुकानदार दारात. वही उघडली, मोजून घेटलं. मागची उधारी, पुरातली उधारी, सगळी. वर म्हणला, आजून सातशे ऱ्हायल्यात.’

मी ‘कर्जफेड’वर बोट ठेवलं. दुसरं करणार काय? ‘दुकानदार दारात आला’ असा रकाना नव्हता. ‘इतर’मध्ये लिहायला जागा होती, पण पर्यवेक्षकाने आदल्या दिवशीच दम भरला होता की इतर कमी करा, इतर आलं की वर तक्ता बिघडतो. तीन महिन्यांनी अहवाल निघाला. त्यात एक वाक्य होतं, मला पाठ झालंय : रोख साहाय्यामुळे लाभार्थी कुटुंबांचा कर्जाचा बोजा कमी झाल्याचे दिसून आले. हे माझ्या बोटातनं निघालेलं वाक्य. म्हातारीच्या अंगावर सातशे रुपये बाकी, घरात ज्वारी नाही, आणि अहवालात ती हलकी झाली.

आता थोडं नीट सांगतो, कारण आपल्यातल्या पोरांना घोषणा पाठ असतात आणि शासन निर्णय वाचायचा कंटाळा असतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, वारणा सगळ्याच पात्राबाहेर आल्या. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. सरकारने ग्रामीण भागात कुटुंबाला दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार सानुग्रह अनुदान जाहीर केलं. त्यातले पाच हजार हातात रोख, उरलेले बँकेत. ‘सानुग्रह’ म्हणजे काय? अनुग्रहासह. कृपा म्हणून. हक्क म्हणून नाही, कृपा म्हणून. शब्दातच हात वर आणि ओंजळ खाली. त्याच दिवसांत धान्याचा जो आदेश निघाला त्यात अट होती की घर दोन दिवस पाण्यात बुडालेलं असलं तर दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. लोक खवळले तर उत्तर मिळालं की बाबांनो, आधीची अट आठवड्याची होती, आम्ही ती दोनवर आणली, उपकार माना. आणि ते खरंच होतं. आपत्ती निधीच्या २०१५ ते २०२० च्या निकषांत कपड्यांना १,८०० आणि भांड्यांना २,००० रुपये होते, ते घर वाहून गेलं, पार मोडलं किंवा आठवड्याहून जास्त पाण्यात राहिलं तर. सहा दिवस पाण्यात राहिलेलं पातेलं बहुतेक पोहून येत असावं.

मोजमाप इथनं सुरू होतं, सर्वेक्षणाच्या मोबाइलपासून नाही. पाणी किती दिवस होतं, कुठल्या कागदावरच्या घरात होतं, कुटुंब म्हणजे चूल की रेशनकार्ड, हे ज्याने ठरवलं त्याने परिणाम आधीच ठरवून टाकला. आम्ही नंतर जाऊन फक्त शिक्का मारतो.

आमच्या वस्त्या नदीच्या अंगाला का असतात हा प्रश्न कुठल्याही प्रश्नावलीत मी पाहिला नाही. गावठाण उंचावर, पांढरीत. म्हारवाडा, मांगवाडा ओढ्याच्या, नदीच्या, उताराच्या बाजूला. पाणी आधी येतं ते आमच्यात आणि शेवटी ओसरतं तेही आमच्यातनं. हे काही निसर्गाने केलेलं नाही. कुठली जात कुठल्या उंचीवर राहील याचं माप फार जुनं आहे, त्याला अजून कुणी पंचनामा लावलेला नाही.

मग पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक येतात, घराचा उतारा मागतात. गायरानात पन्नास वर्षं राहणाऱ्याच्या घराला उतारा कुठला? तो अतिक्रमणदार. पाणी शिरताना अतिक्रमण बघून शिरलं नाही, मदत मात्र बघून आली. तीन भाऊ, तीन चुली, रेशनकार्ड बापाच्या नावचं एकच, तर दहा हजार एकदाच. भाडेकरू असेल तर घरमालक म्हणतो, घर माझं, मदत माझी. नवऱ्याने टाकलेली बाई भावाच्या पडवीत राहते, तिचं नाव अजून सासरच्या कार्डावर. तिथं पूर आला नाही, म्हणून ती पूरग्रस्त नाही.

आणि आता या सगळ्या प्रकारातला कळीचा मुद्दा ऐका. आम्हाला सर्वेक्षणासाठी जी घरं दिली ती कुठनं काढली होती? लाभार्थ्यांच्या यादीतनं. मदत ज्यांना मिळाली त्यांच्याच यादीतनं नमुना उचलायचा आणि त्यांनाच विचारायचं की मदतीचा उपयोग झाला का. म्हणजे जेवलेल्यांना विचारायचं जेवण मिळालं का. पंगतीच्या बाहेर जो उभा होता तो नमुन्यातच नाही, मग तक्त्यात कुठनं येणार? गायरानातल्या घरांवरनं मी रोज सायकल मारत गेलो. तिथली एक बाई एकदा म्हणाली, ‘आमचं बी लिवा की वो दादा.’ मी म्हणालो, ‘आक्का, तुमचं नाव ह्यात येत नाही.’ तिनं विचारलं, ‘मग कशात येतंय?’

या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. सायकल काढली.

हे काही शिरोळातच घडतं असं नाही. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूत नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर नुकसान मोजलं ते मुख्यतः होड्या आणि जाळ्यांच्या हिशोबाने. होडी कुणाची? मच्छीमार जातींची. किनाऱ्यावरचा दलित होडीचा मालक नव्हता. तो मासे वाहणारा, मिठागरात राबणारा, खाडीत हाताने कोळंबी धरणारा मजूर. त्याची होडी बुडाली नाही, फक्त पोट बुडालं, आणि पोटाला नंबरप्लेट नसते. प्रेतं उचलायला मात्र गावोगावच्या नगरपालिकांतनं सफाई कामगार आणले, ते कुठल्या जातीचे होते हे मी तुम्हाला सांगायला नको. प्रेत उचलताना आमची जात यादीत पहिली, मदत वाटताना शेवटची.

शेतीचंही तेच. २०१९ ला पूरबाधित पिकाचं एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ झालं. चांगलं झालं, शेतकऱ्याशी माझं वैर नाही. पण सातबारा ज्याच्या नावावर त्याचं पीक गेलं आणि त्या पिकात भांगलणीला, खताला, तोडणीला जाणाऱ्या बाईचं काय गेलं? तिचे साठ-सत्तर दिवस गेले. ऊस कुजला तेव्हा तिचा हजेरीपट कुजला. निकषांत त्या वेळी एक ओळ होती की ज्यांची उपजीविका गंभीरपणे बाधित झाली त्यांना माणशी दिवसाला ६० रुपये, पोराला ४५. माझ्या दीडशे घरांत या ओळीखाली पैसे मिळालेलं एक घर मला भेटलं नाही. गेलेला ऊस गुंठ्यात मोजता येतो. गेलेली मजुरी कशात मोजायची हे कुणालाच माहीत नव्हतं, असं नव्हे. ते मोजायला कुणाला फुरसत नव्हती.

बाबासाहेबांनी १९१८ साली शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी मोजणाऱ्यांचीच खोड मोडली होती. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरावर ठरत नाही, त्यावर राबणारे हात किती, भांडवल किती, अवजारं किती या प्रमाणावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं. वय सत्तावीस. आपण त्यांचा फोटो लावतो, सुटातला, हातात पुस्तक. त्या पुस्तकात आकडे होते हे विसरतो. त्यांनी रुपयावर ग्रंथ लिहिला, साउथबरो कमिटीपुढे १९१९ ला उभं राहून मतदार मोजले, कोण किती आणि कोण का वगळला ते दाखवलं. मोजणं हे आमच्या चळवळीचं पहिलं हत्यार आहे. ते आम्ही बाजूला ठेवलं आणि दुसऱ्यांनी उचललं.

तातडी हा शब्द घ्या. तातडीची मदत म्हणे. तातडी कुणाची? पाणी घरात शिरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी माणसाला पैसा लागतो. शाळेत, मठात, कुठंतरी छावणीत पडलेला असतो, पोराला ताप असतो, मोबाइल बंद असतो. त्या दिवशी माझ्या आत्तीनं पाच हजार उचलले, दहा टक्के म्हैन्याने. सरकारचा पैसा तिच्या हातात पडायला पुढं दीड-दोन महिने गेले. कारण आधार, कारण पासबुक भिजलं, कारण खातं वापरात नाही, कारण साहेब पंचनाम्याला गेलेत. तोवर व्याजच हजार झालं. दहा हजारातले सहा हजार सावकाराला मोजले तेव्हा ती मोकळी झाली. सर्वेक्षणात तिच्या नावापुढं दहा हजार आले. मी म्हणतो, तिला चार हजार मिळाले, आणि सहा हजार सरकारने आत्तीच्या हातनं सावकाराला दिले. मदत किती दिली हे विचारण्याआधी कितव्या दिवशी दिली हे विचारा. माझ्या सत्तेचाळीस प्रश्नांत तारखेचा प्रश्न एकच होता, मुलाखतीची तारीख.

आता आपल्याला चिडवायला जे पांढरपेशे नेहमी तयार असतात त्यांच्याकडे वळतो. ते म्हणतात, ह्या लोकांना रोख देऊ नये, दारूत घालतात. कर्जमाफीचा पैसा कुठल्या बारमध्ये गेला याचं सर्वेक्षण कुणी केलंय? कारखान्यांच्या थकहमीचं? आमच्याच खिशात हात घालून वास घ्यायची यांना सवय. तरीही एक आकडा खिशात ठेवा, वाद घालायला उपयोगी पडतो. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या दोन संशोधकांनी जगभरातले १९ अभ्यास तपासले, २०१७ साली लेख छापला. गरिबाला रोख दिल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यांना आढळलं नाही. मला हे कळायला जागतिक बँकेची गरज नव्हती. पण ज्यांना आमची साक्ष चालत नाही त्यांना ती चालते.

मी रोख पैशाच्या विरुद्ध नाही. उलटं आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी रोख पाहिली नव्हती. बलुतं होतं, पसाभर धान्य, दारोदार मागून आणलेली शिळी भाकर, मेलेल्या ढोराचं मांस. गावाने राबवून घ्यायचं आणि मोबदला वस्तूत द्यायचा, तोही उपकार म्हणून, तोही लांबून टाकून. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते याच गुलामीवर घाव घालायला. म्हाराला रोख पगार हवा, गावाच्या मर्जीवरचा तुकडा नको. रोख पैशाला हात लावून कुणी बाटत नाही. पुरात अन्नाच्या पाकिटांचे ट्रक आले तेव्हा ते गावठाणात चौकात थांबले, आमच्या वस्तीपर्यंत चाकं वळली नाहीत, आणि वळली तेव्हा ट्रकवरनं पाकिटं फेकली. पोरांनी चिखलातनं उचलली. बिस्किटाचा पुडा झेलताना माझ्या भाच्याचा फोटो कुणीतरी काढला, तो फिरला, खूप लोकांनी हळहळ व्यक्त केली. म्हणून सांगतो, फेकलेल्या पुड्यापेक्षा खात्यातले पाचशे रुपये लाख पटीने बरे. फक्त ते खात्यात पडले म्हणजे माणसापर्यंत पोचले असं मानणारा एकतर मूर्ख असतो नाहीतर अधिकारी.

२०२० चं आठवा. टाळेबंदी लागली, आणि २६ मार्चला दिल्लीने जाहीर केलं की बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे. वीस कोटींवर खाती. एकूण दीड हजार. खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे कुणी कुठल्या दिवशी बँकेत जायचं ते ठरलं. कागदावर फार शिस्तीचं. येल विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञ बायांनी एप्रिलमध्येच हिशोब मांडून सांगितलं की देशातल्या निम्म्याहून अधिक गरीब बायका यातनं सुटण्याची शक्यता आहे, कारण त्यांचं असं खातंच नाही. हे पैसे पडायच्या वेळीच सांगितलं होतं, नंतर नाही. मग २०२१ च्या एप्रिलात आपल्या राज्याने बांधकाम मजूर, घरकामवाल्या बाया, फेरीवाले, रिक्षावाले यांना दीड-दीड हजार जाहीर केले. शब्द होता ‘नोंदणीकृत’. मित्रांनो, या एका शब्दावर पान भरून लिहिता येईल. कचरा वेचणारी बाई कुठं नोंदलेली असते? महापालिकेच्या कंत्राटदाराकडे बिनकागदाने गटारात उतरणारा पोरगा कुठं नोंदलेला असतो? तो मेला की नोंद होते.

आता जरा परदेशी बघू, कारण मोजायचं कसं हे तिथनं थोडं शिकण्यासारखं आहे, आणि शिकायला मला लाज वाटत नाही. केनियात सियाया नावाच्या भागात २०१४ पासून पुढं ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने गरीब घरांना साधारण हजार डॉलर रोख दिले. तो पूर-दुष्काळाचा पैसा नव्हता, साध्या गरिबीवरचा होता. १०,५०० च्या आसपास घरं, ६५३ गावं. पाच संशोधकांनी त्याचा परिणाम मोजला, २०२२ ला तो छापून आला. त्यांनी काय केलं बघा. नुसतं ज्यांना पैसा मिळाला त्यांना विचारलं नाही. ज्यांना मिळाला नाही त्यांनाही विचारलं. गावातली दुकानं मोजली, गिरण्या मोजल्या, बाजारातले भाव मोजले. निघालं असं की बाहेरनं आलेल्या एका डॉलरमागे त्या भागातला व्यवहार अडीच डॉलरच्या आसपास वाढला, भाव जेमतेम ०.१ टक्का वाढले, आणि पैसा न मिळालेल्या घरांनाही फायदा झाला. एकाचा खर्च दुसऱ्याची कमाई, दुसऱ्याचा खर्च तिसऱ्याची.

वाचून मी खूश झालो आणि मग माझ्या डोक्यात आमचं गाव आलं.

आमच्या वस्तीत आलेले दहा हजार पहिल्या मुक्कामाला कुठं गेले? गावातल्या वाण्याकडे, सावकाराकडे, शेतमालकाच्या उचलीत, मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याकडे. ठीक. तिथनं परत वस्तीत यायला वाट कुठली? आमच्या आळीत किराणा दुकान कुणाचं आहे? एका पोराने चहाची टपरी घातली होती स्टॅंडवर. निळा झेंडा काढेपर्यंत गिऱ्हाईक होतं. जात कळली आणि ते पातळ झालं. आमच्यातल्या बाईने म्हैस पाळली तर डेअरी दूध घेते, शेजारचं गावठाण घेत नाही. म्हणजे आमच्याकडनं पैसा गावात जायला रस्ता डांबरी आणि गावाकडनं आमच्याकडे यायला रस्ता फक्त मजुरीचा, तोही पुराने वाहून गेलेला. जातीच्या वेशीवर पैशाचं फिरणं थांबतं. केनियातल्या आकड्याला हात न लावता मी म्हणतो की आमच्या गावात तो ‘गाव’ म्हणून मोजला तर छान दिसेल. गावाची उलाढाल वाढली, दुकानाची विक्री वाढली, सरासरी वर गेली. त्या सरासरीत आम्ही बुडालेलो असू.

‘स्थानिक समुदाय’ असा शब्द या अहवालांत जागोजाग असतो. समुदायाला विचारलं, समुदायाने सांगितलं, समुदायाचा सहभाग. कुठला समुदाय? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना परिषदेत बाबासाहेबांनी या लाडक्या खेड्याची जी कातडी सोलली ती वाचा पुन्हा. ज्याला हे लोक समुदाय म्हणतात ते म्हणजे सरपंचाच्या ओसरीवर बसलेली दहा माणसं. आमच्या सर्वेक्षणाची ‘गटचर्चा’ ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. आमच्या वस्तीतल्या तिघींना बोलावलं होतं. त्या आल्या, दाराजवळ बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. समोर ज्याच्या शेतात जायचं तो बसलेला, ज्याच्याकडनं उधार आणायचं तो बसलेला. पर्यवेक्षकाने लिहून घेतलं : महिलांनी सहमती दर्शवली.

आणि याच्याहून जळजळीत एक तातडीची रोख मदत आहे, तिच्याबद्दल तर कुणी सर्वेक्षणाचं नावच काढत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत आहे की पीडिताला सात दिवसांत तातडीची मदत द्यावी. २०१६ च्या दुरुस्तीने रकमा ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत झाल्या, टप्प्याटप्प्याने. त्याचं मोजमाप काय होतं? किती प्रकरणं, किती निधी, किती खर्ची पडला. समाजकल्याणचा तक्ता संपला. ज्या घराला पैसा मिळाला ते घर वर्षाने त्या गावात आहे का, त्याला मजुरी मिळते का, पोरगी शाळेत जाते का, केस मागं घ्यायला किती जण रात्री येऊन बसले, हे कुठल्या रकान्यात येतं? घर विकून कुटुंब शहरात पळालं तरी तक्त्यात ते ‘लाभार्थी’च.

इतकी बोंब मारल्यावर आता घरात बघू. आपण काय केलं?

पूर आला की आपले कार्यकर्ते, मीही त्यात आलो, टेम्पो भरतो. ब्लॅंकेट, तांदूळ, सॅनिटरी पॅड, पाण्याच्या बाटल्या. टेम्पोला बॅनर, बॅनरवर चार नेत्यांचे चेहरे, बाबासाहेब कोपऱ्यात. वाटप, जयभीम, फोटो, परत. गट तितके टेम्पो. एका वस्तीत एका दिवसात तीन गटांची ब्लॅंकेटं आली आणि पुढच्या गायरानात एकही नाही, कारण तिथं गाडी जात नव्हती. किती घरांना दिलं विचारलं तर ‘भरपूर’. यादी आहे का? नाही. मग तलाठ्याच्या यादीला कुठल्या तोंडाने शिव्या द्यायच्या? त्याची चुकीची तरी यादी आहे. आपल्याकडे नुसता आवाज आहे. मला एका शहरी मित्राने तर सांगितलं की आकडे हे ब्राह्मणी ज्ञानव्यवहाराचं साधन आहे, आपण अनुभव मांडावा. वा रे वा! दुकानदाराच्या वहीत आमच्या बायांचा अनुभव आकड्यातच लिहिलेला असतो, आणि तो आकडा खरा की खोटा हे तपासायला आमच्यातला शिकलेला पोरगा दारात उभा राहत नाही, तो अनुभव मांडत बसतो.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पुन्हा दहा हजार जाहीर झाले. या वेळी आम्ही चौघांनी, त्यात दोन मुली, बारावीच्या, टेम्पो भरला नाही. शंभर पानी वह्या घेतल्या. विहारात बसून ठरवलं की यादीतनं नाही, वस्तीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक चुलीला जायचं. चूल म्हणजे कुटुंब, कार्ड असो नसो. पाणी कुठल्या दिवशी शिरलं, कुठल्या दिवशी निघालं. पहिला उसना पैसा कितव्या दिवशी, कुणाकडनं, किती टक्क्याने. कामावर किती दिवस खाडा. पंचनाम्याला कुणी आलं का, सही कशावर घेतली. मदत आली तर कितव्या दिवशी, आणि ती आल्यावर पहिला कोण दारात आला. हा शेवटचा प्रश्न त्या मुलींनी सुचवला, मी नाही.

त्याच मुलींनी आणखी एक गोष्ट केली. पुरुष घरात असताना एकदा विचारायचं आणि बाई नळावर एकटी असताना पुन्हा. दोन उत्तरं वेगळी आली की दोन्ही लिहायची. माझ्या मोबाइलात एका घराला एकच उत्तर मावत होतं.

वह्या भरल्या. विहारात रविवारी वंदनेनंतर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या. भांडणं झाली. एकाने दुप्पट नुकसान सांगितलं होतं, शेजारणीनं तिथंच पकडलं. एकीनं नवऱ्यासमोर पहिल्यांदा सांगितलं की पैसे कुठं गेले. रोजगार हमीच्या कायद्यात सामाजिक अंकेक्षण म्हणतात ते हेच, फक्त साहेब नव्हता आणि मंडप नव्हता. पंधरा चुली यादीबाहेर निघाल्या. नावं, तारखा, सह्या, अंगठे, सगळं घेऊन तहसीलला गेलो. पहिल्या दिवशी कुणी भेटलं नाही. दुसऱ्या दिवशी एक कारकून म्हणाला, तुम्ही कोण मोजणारे? ती बारावीतली पोरगी म्हणाली, ‘पाण्यातली.’ त्यांनी अर्ज घेतला, पोच मात्र चौथ्या खेपेला दिली.

पंधरातली नऊ नावं चढली. सहा राहिली, सगळी गायरानातली. त्या सहांत ती आक्का आहे, जिच्यासमोर मी सायकल काढली होती. या खेपेला तिची ओळ मी स्वतः लिहिली. पाणी शिरलं २३ जुलै, उसने तीन हजार, दहा टक्के, खाडा एकतीस दिवस, मदत नाही. तिनं वही हातात घेतली, वाचता येत नाही तरी ओळीवर बोट फिरवलं, आणि विचारलं की ही वही तुमच्याकडं ठेवणार की हितंच?

वही विहारात ठेवलीय, कपाटात, किल्ली दोघींकडे. नक्कल काढायला कुणी येणार असाल तर रविवारी या. येताना स्वतःच्या वस्तीची कोरी वही आणा.